धागा: शेकोटीजवळ पोट्ट्यांना दाखवण्यासारखे विज्ञानाचे प्रयोग सुचवा

वावरवाली
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी आम्ही सगळी भावंडं मोर्शीकडच्या वावरात जमतोय. पुण्या-नागपूरची आणि गावातली मिळून पोट्ट्यांची पलटण बरीच मोठी आहे, वय पाच ते पंधरा. रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी ठरलेलीच, मिळाला तर हुरडाही. रोडगे भाजून होईपर्यंत दोन-अडीच तास जातात. तेवढ्या वेळात शेकोटीजवळ काही प्रयोग करून दाखवावेत असं डोक्यात आहे.

ऑनलाइन किट वगैरे मागवायचं नाही. वावरात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), तुराट्या, गवऱ्या, कापूस आणि झाडावर आंबिया बहाराची संत्री आहेत. घरात मीठ, हळद, लिंबू, तेलाचे रिकामे डबे. एवढ्यात काय काय होईल? कोणी भाजून घेऊ नये, ही पहिली अट.

पंतोजी
ताई, विज्ञान शिकवण्यात नोकरी गेली, म्हणून आगाऊपणा करतो. प्रयोग कोणताही करा, पण करण्याआधी प्रत्येक पोराकडून अंदाज वदवून घ्या. "पान जळेल की नाही? हात वर करा." एकदा बाजू घेतली की पोरगं जागचं हलत नाही. अंदाज न विचारता दाखवलं तर ती निव्वळ जादू होते, पोरं टाळ्या वाजवतात आणि विसरतात.

सुरुवात पानात पाणी उकळण्यापासून करा. पळसाचं मोठं, न फाटलेलं पान घ्या, वाटीसारखं दुमडा आणि बाभळीच्या काट्यांनी टाचा. काटे पाण्याच्या पातळीच्या वर हवेत, नाहीतर गळती लागते. काड्यांनी टाचलेला तयार द्रोण चालणार नाही, त्याला भोकंच भोकं. अर्धं पाणी भरा आणि ज्वाळेवर नाही, निखाऱ्यांवर तीन दगडांच्या आधाराने ठेवा. पाण्याच्या वरची कड आधी तपकिरी होते, मग काळी पडून आत वळते, आणि ते काळं बरोबर पाण्याच्या रेषेवर येऊन थांबतं. त्या रेषेकडे बोट दाखवायला विसरू नका. खाली पान शाबूत आणि आत बुडबुडे.

कारण सोपं आहे. कागदाला किंवा पानाला पेट घ्यायला दोनशे अंशांच्या वर तापमान लागतं. आत पाणी असेपर्यंत ते पानाची उष्णता ओढून घेतं आणि स्वतः शंभराच्या वर जात नाही.

सातपुडा_खालचा
शंभर समुद्रसपाटीला, मास्तर. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी साधारण ९६ अंशांलाच उकळतं. वरती राहणाऱ्यांना विचारा डाळ शिजायला किती वेळ लागतो ते.

पंतोजी
मान्य. मोर्शीला नव्व्याण्णवच्या आसपास धरू. :)

जिनिंगवाला
मी जिनिंगात कामाले हाव. पोट्ट्याइले कापसाचा खेळ दाखवा, फुकटातला हाय. एक मूठ कापूस पिंजून मोकळा करा. दुसरी तेवढीच मूठ दोन्ही हातांनं वळून वळून गच्च गोळी करा. दोन्ही लोखंडी चिमट्यात धरून जाळाले लावा. मोकळा भप्पकन जाते, डोळ्याची पापणी लवाच्या आत. गोळी वरून काळी होते अन् आतून धुमसत बसते. कापूस तोच, वजन तेच, हवा किती पोचते त्यात फरक.

आमच्या धंद्यात हे निस्तं खेळणं नाई. गठाण असते १७० किलोची, दाबून बांधलेली. तिले इस्तो लागला तं वरून पाणी मारलं की लोकं म्हणतात इझली. आत धुमसूनच रायते, दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर. म्हणून जयलेली गठाण सोडून मोकळी करा लागते, अन् थोही बाकीच्या मालापासून दूर नेऊन.

अन् ताई, कापसाचा ढीग घरात, नाईतं मांडवात असंन तं शेकोटी त्याच्यापासून लांब. वारा कुठून सुटला हाय थे पाहून जागा धरा. कुटाराची गंजी, गोठा, दोन्ही मागं पायजे, वाऱ्याच्या तोंडात नको.

संत्रानगरी
संत्री आहेत म्हणताय आणि संत्र्याचा प्रयोग कोणीच सांगितला नाही? साल बाहेरच्या बाजूने ज्वाळेकडे धरून पटकन दुमडा. तुषार उडतात आणि ज्वाळेत चट् चट् करून ठिणग्या पेटतात. सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, ते पेट घेतं. ताजं, टणक सालीचं फळ घ्या. वाळलेल्या सालीतलं तेल उडून गेलेलं असतं, तीत मजा नाही. मोठ्या शेकोटीऐवजी मेणबत्तीवर करा, म्हणजे हात जाळापासून दूर राहतो आणि ठिणग्याही नीट दिसतात. डोळ्यात तेल गेलं तर झोंबतं, एवढं लहानांना सांगून ठेवा.

वावरवाली
वा! हे तर पाच वर्षांच्यांनाही जमेल. कापसाचा मी मोठ्यांच्या हातून करवते.

रंगारी_नागपूर
शेकोटीत रंग आणा की. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) टाकलं की ज्वाळा हिरव्या-निळ्या होतात. संत्र्याच्या बागा असलेल्यांकडे बोर्डो मिश्रणासाठी (झाडांवर फवारायचं बुरशीनाशक) मोरचूद असतंच. मूठभर टाका, पोरं वेडी होतील.

सातपुडा_खालचा
मूठभर?? अहो, मोरचूद विष आहे. आम्ही बोर्डो करतो (किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी) तेव्हा नाकातोंडाला फडकं बांधतो. त्याच आगीत रोडगे भाजायचे आणि तीच राख हाताला लागणार? पाच वर्षांचं पोर निळा खडा खडीसाखर समजून तोंडात घालेल. मी तरी हे अजिबात करू देणार नाही.

रंगारी_नागपूर
स्वयंपाकाच्या आगीत टाका असं मी कुठे म्हटलं? सगळं खाऊन झाल्यावर, शेवटी. परदेशात तर रंगीत ज्वाळांच्या पुड्या विकत मिळतात.

पंतोजी
दोघांनाही पटेल असा मार्ग आहे. तांब्याची तार घ्या, तिच्यावरचं प्लास्टिक पूर्ण सोलून काढा (प्लास्टिक जळून निघणारा धूर फार वाईट). टोकाची गुंडाळी करून ती मिठाच्या दाट पाण्यात बुडवा आणि लांब पकडीने ज्वाळेच्या कडेला धरा. कडेला हिरवी-निळी झाक येते. मिठातलं क्लोरीन तांब्याला वाफेच्या रूपात उडायला मदत करतं, म्हणून नुसत्या तारेपेक्षा रंग चांगला उठतो. पुडी नाही, खडा नाही, तार परत खिशात. हेसुद्धा रोडगे काढून झाल्यावरच.

मिठाच्या पिवळ्या रंगासाठी मात्र शेकोटी कामाची नाही, कारण लाकडाची ज्वाळा आधीच पिवळी. ती पिवळी का, हाच खरा मजेशीर प्रश्न. स्टीलचा थंड चमचा ज्वाळेच्या पिवळ्या भागात क्षणभर धरा आणि बाहेर काढा. काळाकुट्ट! ती काजळी म्हणजे न जळलेल्या कार्बनचे कण. ज्वाळेत असताना तेच कण तापून पिवळे चमकत होते. मेणबत्तीवरही हेच दिसतं. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. तेव्हा रात्रभर शेकोटीवर बोललात तरी विषय संपणार नाही.

मेणबत्ती असेलच तर हाही करा. ती फुंकून विझवा, वातीतून पांढरा धूर निघेल. त्या धुराला वरून, वातीपासून दोन बोटं अंतरावर पेटती काडी लावा. ज्वाळा धुरावरून उडी मारून खाली वातीवर येते. तो पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ थिजून झालेले कण. म्हणजे जळते ती वाफ, मेणाचा घट्ट गोळा नाही. हा वारा पडलेला असतानाच जमतो.

कोकणातून_आलो
मिठाच्या पिवळ्या रंगावरून आठवलं. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला! १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तिथे होता.

पंतोजी
हे फार ऐकतो, पण तसं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. त्याने तिकडूनच ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय सूर्यावरच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाश फोडून दिसणारे रंग आणि रेषा) पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा मिठातल्या सोडियमच्या रेषेजवळ होती पण तिच्याशी जुळत नव्हती, हे खरं मर्म. पृथ्वीवर हेलियम हाती लागलं १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीच्या.

कोकणातून_आलो
किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात मग?

पंतोजी
ओटे आहेत, कोणी कशासाठी बांधले त्यावर वेगळा धागा काढा. इथे रोडगे जळतील.

जागल्या
मी हरभऱ्यावर जागल करतो, रोज शेकोटीपाशी. धुराचा प्रयोग सांगतो, त्यात काही धरा-सोडायचं नाई. दिवस बुडल्यावर हवा पडली की शेकोटीत एक ओली पान-काडी टाका, धूर दाट होते. वर जाते, अन् बाभळीच्या शेंड्याएवढा झाला की जसा छताले अडकला तसा थांबते अन् आडवा पसरून रायते. सारं वावर धुराच्या चादरीखाली. दुपारी तोच धूर सरळ वर निंघून जाते. पोट्ट्याइले दोन्ही येळले दाखवा अन् काऊन म्हणून इचारा.

पंतोजी
भाऊ, फार छान. यालाच तापमान व्युत्क्रम म्हणतात. नेहमी जमिनीजवळची हवा गरम आणि वरची थंड असते. थंडीच्या निरभ्र रात्री काळी जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवाही निवते, आणि वर तिच्यापेक्षा गरम हवेचा थर राहतो. धूर वर जाताना निवतो आणि त्या गरम थराला भेटल्यावर हलका राहत नाही, म्हणून अडकतो. रात्री दूरच्या रेल्वेची शिट्टी गावात ऐकू येते तीही यामुळेच. आवाज थंड हवेत सावकाश, गरम हवेत वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो.

जागल्या
म्हणूनच तं! आठ मैलावरचं भजन ऐकू येते अन् दिवसा शेजारच्या धुऱ्यावरून हाक मारली तं ऐकू येत नाई.

सातपुडा_खालचा
आठ मैल जरा जास्तच झाले जागल्याभाऊ.

जागल्या
बरं, पाच.

लाह्यावाली
मी अकोल्याची. ज्वारीच्या लाह्यांचा प्रयोग करा ना, नागपंचमीच्या लाह्या आपल्याला ठाऊकच आहेत. ज्वारीचे तीन वाटे करा. एक तशीच कोरडी. दुसरीवर पाण्याचा हबका मारून फडक्यात गुंडाळून तासभर ठेवलेली. तिसरी पाट्यावर जरा भरडून कवच फोडलेली. तापलेल्या कढईत एकेक वाटा टाका, वर झाकण. कोणत्या जास्त फुलतील यावर पोरांना पैज लावू दे, हरलेल्याने भांडी घासायची.

दाण्यात थोडं पाणी असतं, त्याची वाफ होते, कवच तिला कोंडून धरतं आणि शेवटी फुटतं. मक्याच्या लाहीचं गणित मोजलेलं आहे: १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा, १८० अंश तापमान आणि बाहेरच्या हवेच्या साधारण नऊपट दाब. ज्वारीचंही तत्त्व तेच. भरडलेल्या दाण्यातून वाफ आधीच निसटते, तो नुसता भाजतो.

कढई तापली की नाही ते पाण्याचे थेंब टाकून बघतो तोही प्रयोगच आहे. कमी तापलेल्या तव्यावर थेंब चर्र करून लगेच उडून जातो. खूप तापलेल्यावर मात्र थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे पळत राहतो, कारण त्याच्या खाली वाफेचा थर तयार होऊन त्याला उचलून धरतो. बिडाचा तवा निखाऱ्यांवर चांगला तापवा आणि हाताने नाही, चमच्याने थेंब सोडा.

वावरवाली
ताई, मग हुरडा का फुटत नाही? तोही ज्वारीच की.

लाह्यावाली
हुरड्याचा दाणा कोवळा असतो. पाणी फार, कवच मऊ, आतला भाग अजून दुधाळ. कोंडून धरायलाच कोणी नाही. आणि त्यातली साखर अजून पूर्णपणे स्टार्च झालेली नसते, म्हणून गोड लागतो. पोरांना एकाच वेळी हुरडा आणि लाह्या दोन्ही खायला द्या आणि फरक त्यांनाच सांगू दे. पण हुरडा गवऱ्यांच्या आरावरच भाजा. पऱ्हाटीवर फवारण्या झालेल्या असतात, तिच्या धुरात खाण्याचं काही भाजू नये असं मला वाटतं.

सातपुडा_खालचा
सहमत. पऱ्हाटी शेकायलाच ठीक. तसंही गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते म्हणून फरदड (त्याच झाडांवर पुढे घेतलेलं जादा पीक) न घेता पऱ्हाट्या उपटून काढायला सांगतात.

रंगारी_नागपूर
माझा मोरचूद नाकारलात, आता हा तरी घ्या. १५ किलोच्या तेलाच्या डब्यात पेलाभर पाणी, तोंड उघडं ठेवून जाळावर. भकाभक वाफ येऊ लागली की डबा आगीवरून खाली उतरवा आणि मगच बूच घट्ट लावा. वरून बादलीभर गार पाणी ओता. कड्कड् करत डबा चेपतो, कोणीतरी लाथ मारल्यासारखा. वाफेने आतली हवा हाकललेली असते, वाफेचं पाणी झालं की आत फारसं काही उरत नाही आणि बाहेरची हवा दाबते. डब्याची एक बाजू साधारण २३ बाय ३५ सेंमी धरा, म्हणजे ८०० चौरस सेंमी. दर चौरस सेंमीला जवळपास एक किलो. बाकीचा हिशेब आठवीतल्या पोराला करू दे.

पंतोजी
हा मात्र झकास. डबा खाली उतरवून मगच बूच लावायचं, हे वाक्य परत वाचा सगळ्यांनी. बूच लावलेला डबा आगीवर राहिला तर तो बॉम्ब आहे. मोठ्या माणसानेच करावा, जाड फडकी घेऊन.

जिनिंगवाला
असंच बांबूचंबी. बंद पेराचा बांबू जाळात टाकाचा नाई, पेरातली हवा अन् ओल तापून फटाक्यासारखा फुटते. अन् नदीतले गोटे चुलीले लावू नका, आत पाणी मुरलेलं असते, तापल्यावर तडकून उडतात. चुलीले वावरातला कोरडा दगड, नाईतं वीट.

हळदीकुंकू
राखेला सगळे विसरले. सकाळी थंड राख एका गंजात घ्या, पाणी घालून ढवळा, खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी गाळा. हळदीचं पाणी करून त्यात हे ओता: लाल! लिंबू पिळा, परत पिवळं. पुन्हा राखेचं पाणी, पुन्हा लाल. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कधर्मी. हळदीतलं कुरक्युमिन अल्कात लाल होतं. हळदीत चुना मिसळून कुंकू करायचे तेही असंच. राखेने भांड्याचा तेलकटपणा निघतो त्यालाही हेच अल्क कारण, ते तेलाशी मिळून साबणासारखं काही तयार करतं.

मोठ्या मुलांना पुढचं सांगा. लिंबू कापलं की "रक्त" निघतं, भानामती झाली, असं दाखवून पैसे उकळणारे अजून आहेत. त्यात सुरीला किंवा लिंबाला आधीच काहीतरी लावलेलं असतं. शेकोटीजवळ हळद लाल झालेली पाहिलेलं पोरगं पुढच्या वेळी सुरी हातात घेऊन बघायला मागेल. राखेचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका, त्वचेलाही चरचरतं.

वावरवाली
हा माझा नंबर एक! सकाळचाही कार्यक्रम मिळाला. एका भावाचं म्हणणं आहे की वावराऐवजी मेळघाटात नदीकाठी शेकोटी करू. काय म्हणता?

सातपुडा_खालचा
नको. राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं, नेणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. आणि कायदा सोडा, वाळलेल्या सागपानांच्या थरात एक ठिणगी पुरते. वावरातच करा. झोपण्याआधी पाणी ओता, काठीने उलथून पुन्हा ओता, हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते पाहा. नुसती माती लोटून जाऊ नका, मातीखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो.

लाह्यावाली
आणि पोरांना नायलॉनचे चकचकीत जॅकेट घालून जाळाजवळ बसवू नका, ते वितळून अंगाला चिकटतं. सुती किंवा लोकरी चालेल. कोणाला भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. पेट्रोल-रॉकेल शेकोटीच्या आसपासही नको.

पंतोजी
एक राहिलं. निखाऱ्यांचा रंग बघायला लावा. मंद लाल म्हणजे सहा-सातशे अंश, नारिंगी नऊशेच्या आसपास, पिवळट झाला की हजाराच्या वर. मग मान वर करून मृग नक्षत्र शोधा. त्यातल्या तांबूस काक्षी (बेटेलज्यूज) ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार केल्व्हिनचा, निळसर-पांढऱ्या राजन्य (रायजेल) ताऱ्याचा बारा हजारांच्या आसपास. लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे थंड, असं नळाच्या तोट्यांनी शिकवलेलं असतं, ते इथे उलटं पडतं. पोरं वाद घालतील, घालू द्या.

वावरवाली
वाद घालणारे आमच्याकडे भरपूर आहेत, मास्तर. यादी केली: पळसाची पानं, बाभळीचे काटे, ज्वारी, तांब्याची तार, दोन रिकामे डबे, मेणबत्त्या, बादल्या भरून पाणी. पळसाची पानं डिसेंबरात हिरवी मिळतील ना?

जागल्या
मिळतात. पानगळ पुढं, फुलायच्या येळले. जुनी पानं जाड असतात, थे पाणी बरोबर धरतात. किडीनं जाळी केलेली तेवढी घेऊ नका.